डॉ. आनंदीबाई जोशी : शरीराची नावे शिकताना

आनंदीबाई जोशी म्हटले की आपल्या घरांतून दोन गोष्टी लगेच निघतात. एक म्हणजे विक्षिप्त गोपाळराव, आणि दुसरी म्हणजे बाविशी पूर्ण होण्याआधीच आलेला मृत्यू. कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांनी ही दोन टोके इतकी घट्ट धरून ठेवली आहेत की मधली तीन वर्षे, फिलाडेल्फियातल्या अभ्यासाची, हातातून निसटतात. कल्याणात जन्मलेली, शाळेची पायरी फारशी न चढलेली ही मुलगी परक्या भाषेत माणसाच्या हाडांची, स्नायूंची, नसांची नावे पाठ करायला बसली ती कशी? हा प्रश्न आज इंदुरात विचारायला एक ताजे निमित्तही आहे. आपल्या घरांतली बरीच मुले-मुली हल्ली मेडिकल कोडिंगचे वर्ग लावतात. विज्ञान शाखेतून आलेली असोत की वाणिज्य शाखेतून, पहिल्या महिन्यातच त्यांच्यापुढे शरीररचना आणि वैद्यकीय परिभाषा यांचा डोंगर उभा राहतो, आणि निम्मी मंडळी तिथेच घाबरतात. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी, आनंदीबाईंचे चरित्र या बाजूने सांगून पाहतो.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला गणपतराव अमृतेश्वर जोशी यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. जमीनदारीची जुनी ऐट होती, पैसा ओसरत चालला होता. नवव्या वर्षी लग्न झाले, तेही वाढदिवसाच्याच तारखेला, ३१ मार्च १८७४ रोजी. नवरा गोपाळराव जोशी मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यात कारकून, बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. यमुनेची आनंदी झाली ती इथे. बायकोला शिकवायचेच हा त्यांचा हट्ट होता आणि त्या काळात तो हट्ट विलक्षणच म्हणायला हवा. पण शिकवण्याची रीत क्रूर होती. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात दिसली तर मार बसे. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी नवऱ्याला त्या दिवसांची स्पष्ट आठवण करून दिली आहे. या माणसाचे उपकार आणि अपराध एकाच वहीत मांडावे लागतात. एक बाजू पुसून दुसरी ठेवण्याचा मोह अनेक चरित्रकारांना झाला आहे, तो मला पटत नाही.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर बिऱ्हाड हलत राहिले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. आनंदीबाईंच्या डॉक्टर होण्याचा उगम बहुतेक सगळे इथे शोधतात आणि ते बरोबरच आहे. त्या काळी बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टर येत नसे, आला तरी घरची बाई त्याच्यापुढे बोलत नसे. तपासणारेच कोणी नसल्यावर आजाराला नाव तरी कोण देणार? आजच्या वर्गीकरणात बाळंतपणाच्या सगळ्या नोंदी 'ओ' या अक्षराने सुरू होतात, नवजात बाळाच्या 'पी' ने. आईचे कोड बाळाच्या कागदावर लिहायचे नाहीत आणि बाळाचे आईच्या, हा नियम कोडिंग शिकणाऱ्यांना पहिल्याच पाठांत सांगतात. नवजात कोणाला म्हणायचे, तर जन्मापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंत. आनंदीबाईंचे बाळ त्या अठ्ठावीस दिवसांतले. दोन जिवांचे दोन स्वतंत्र कागद असतात ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. तेव्हा दोघांचाही कागद नसे.

अमेरिकेची वाट उघडली ती योगायोगाने. कोल्हापुरात राहून गेलेले मिशनरी वाइल्डर यांना गोपाळरावांनी पत्र लिहिले होते. बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा त्यात होती. वाइल्डरांनी धर्मांतराचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाई दंतवैद्याकडे गेल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी थेट आनंदीबाईंनाच पत्र घातले. पुढची कित्येक वर्षे ही पत्रे चालली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

त्या पत्रांत तब्येतीच्या तक्रारी येतात. सततचे डोके दुखणे, अशक्तपणा, मधूनमधून ताप, कधी धाप लागणे. मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठवली, गुण आला नाही. इथे जरा थांबावेसे वाटते. कोडिंगमध्ये लक्षणांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे, 'आर' अक्षराचे. डोकेदुखी आर ५१, ताप आर ५०, श्वासाच्या तक्रारी आर ०६, अशक्तपणा आर ५३. नियम असा की निदान पक्के झाले की त्याच निदानात मोडणारी लक्षणे वेगळी लिहायची नाहीत. म्हणजे 'आर' प्रकरण ही एक प्रकारची प्रतीक्षा-खोली आहे; खरे नाव सापडेपर्यंत माणूस तिथे बसतो. आनंदीबाई त्या खोलीत वर्षानुवर्षे बसल्या होत्या. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू बर्लिनमध्ये जाहीर केला तो मार्च १८८२ मध्ये, म्हणजे त्यांच्या प्रवासाच्या जेमतेम वर्षभर आधी. त्या आजारपणाची सुरुवात कलकत्त्यातच झाली होती की नाही हे आज कोणी ठामपणे सांगू शकणार नाही, पण पुढे त्यांना नेले ते क्षयानेच.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. अठरा पूर्ण व्हायचे होते. आपण अमेरिकेला का जातो, इथेच का शिकत नाही, एकटीच का जाते, धर्म सोडणार का, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे त्यांनी सांगून टाकले. भाषणाची बातमी पसरली, मदत येऊ लागली. ७ एप्रिलला त्या मिशनरी बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. मावशी बंदरावर होत्या.

उन्हाळा रोझेलला कार्पेंटरांच्या घरी गेला. मग फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज गेला. हे कॉलेज १८५० मध्ये निघालेले, केवळ स्त्रियांना वैद्यकी शिकवणाऱ्या जगातल्या पहिल्या संस्थांपैकी. अर्जात आनंदीबाईंनी आपले इंग्रजी शिक्षण तोकडे असल्याचे झाकले नाही. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, असा त्याचा आशय होता. डीन होत्या रेचल बॉडली, स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा.

आता त्या अभ्यासाकडे येऊ.

शरीररचनेचा अभ्यास म्हणजे शवविच्छेदन. ज्या घरात सुतकाचे दिवस मोजले जात आणि प्रेताला शिवल्यावर अंघोळीशिवाय उंबरा ओलांडता येत नसे, त्या घरातून ही मुलगी आलेली. कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये शवविच्छेदन करून वाट मोकळी केली होती, पण ती पुरुषांची वाट. फिलाडेल्फियातही हा विषय तेव्हा पेटलेलाच होता. डिसेंबर १८८२ मध्ये तिथल्या लेबनन स्मशानातून, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीतून, प्रेते चोरून एका वैद्यकीय कॉलेजला पुरवली जात असल्याचे उघडकीस आले. शहरात संतापाची लाट उसळली आणि १८८३ मध्ये, म्हणजे आनंदीबाई पोचल्या त्याच वर्षी, पेनसिल्व्हेनियात विच्छेदनासाठी बेवारस देह कायदेशीरपणे देण्याचा नवा कायदा झाला. टेबलावरचा देह कोणाचा, हा प्रश्न त्या वर्षी तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या आसपास घोटाळत असणार.

गंमत अशी की देह उघडून पाहिल्याशिवाय वैद्य होता येत नाही ही गोष्ट आपल्याकडे सुश्रुताने केव्हाच लिहून ठेवली होती. प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे आणि मग कुंचल्याने एकेक थर हळूहळू खरवडून आतले अवयव पाहायचे, ही त्याची रीत. सुश्रुताच्या मोजणीत हाडे तीनशे, चरकाच्या मोजणीत तीनशे साठ. आजच्या पुस्तकात प्रौढ माणसाची हाडे २०६. हा फरक पाहून पूर्वजांना हसण्याचे कारण नाही. त्यांनी दात धरले, नखे धरली (चरकाने तर नक्कीच), आणि कूर्चाही हाडांत मोजल्या. काय मोजायचे हे आधी ठरले की आकडा ठरतो. कोडिंग शिकणाऱ्याला हे वाक्य रोज उपयोगी पडेल.

ग्रेचे शरीररचनेचे पुस्तक लंडनला १८५८ मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली ती याच फिलाडेल्फियात. म्हणजे शहर वैद्यकीय पुस्तकांचे होते. पण पुस्तके इंग्रजीत, आणि त्यांतली नावे इंग्रजीतही नाहीत. लॅटिन आणि ग्रीक. कॉलेजातल्या अमेरिकन मुलींनाही ती परकीच. या एका बाबतीत आनंदीबाई त्यांच्या बरोबरीने सुरू करत होत्या. किंबहुना थोड्या पुढून, असे मला वाटते. कारण ही नावे जितकी परकी दिसतात तितकी ती मराठी कानाला नाहीत. ग्रीकमध्ये हाड म्हणजे ऑस्टिऑन, आपले अस्थी. हृदय म्हणजे कार्डिया, आपले हृद्. यकृताला लॅटिनमध्ये येकुर म्हणत आणि ग्रीकमध्ये हेपार, तिन्ही एकाच मुळाची पोरे. दाताला डेन्स, नाकाला नासुस, गुडघ्याला गेनू, म्हणजे आपले जानु. आतड्याला एंटेरॉन, आपले आंत्र. उपसर्गांचेही तेच. पेरी म्हणजे परि, भोवताली. हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप. डिस म्हणजे दुस्, दुर्. आणि नकाराचा ॲ किंवा ॲन हा आपला अ आणि अन्. हृदयाभोवतीच्या पिशवीला पेरिकार्डियम म्हणतात तेव्हा त्यात परि-हृद् दडलेले असते, आणि त्याला सूज आली की पुढे आयटिस लागून पेरिकार्डायटिस होते. शब्द फोडता आला की पाठ करण्याचे ओझे निम्मे होते. आमच्या पिढीला शाळेत संधी सोडवायला लावत, समास ओळखायला लावत, आणि आम्ही कंटाळत असू. तीच विद्या इथे कामाला येते.

मेडिकल कोडिंग म्हणजे काय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी लिहिलेली केस वाचायची आणि आजाराला, उपचाराला ठरलेली अक्षरे-आकडे द्यायचे. विम्याचे पैसे, आकडेवारी, सगळे त्यावर चालते. रोग्याला हात लावायचा नाही, तरी हाड ओळखावेच लागते. दंडाचे हाड ह्यूमरस मोडले तर एस ४२, कोपरापासून मनगटापर्यंतचे रेडियस किंवा अल्ना मोडले तर एस ५२, मांडीचे फीमर एस ७२, नडगीचे टिबिया एस ८२. पुढे उजवे की डावे, वरचे टोक की खालचे, जखम उघडी की बंद, अशी अक्षरे-आकडे वाढत जातात. हाड कुठे असते हे ठाऊक नसेल तर यादी समोर असूनही बोट चुकीच्या ओळीवर जाते. आनंदीबाईंच्या काळी अशी सर्वमान्य यादीच नव्हती. इंग्लंडात विल्यम फार यांची मृत्यूच्या कारणांची मांडणी होती, इतर देशांच्या आपापल्या. पॅरिसच्या झाक बेर्तियों यांनी सर्वांसाठी एक यादी मांडली ती १८९३ मध्ये, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिची सहावी आवृत्ती १९४८ मध्ये आपल्याकडे घेतली तेव्हा कुठे मृत्यूच्या जोडीला आजारपणाचीही गणती तिच्यात आली. योगायोगाने आपले महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजही १९४८ चेच.

अभ्यास कडक, आणि त्याहून कडक फिलाडेल्फियाची थंडी. आनंदीबाई शाकाहारी राहिल्या, पातळ सोडले नाही. फक्त नऊवारीने पाय उघडे पडून गारठतात म्हणून काही दिवसांनी गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. खोलीतली शेगडी नीट पेटत नसे, पेटली तर धूर कोंडे. प्रकृती ढासळत गेली. तरी पेपर दिले जात होते. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघींच्या तीन मातृभाषा, आणि हाडांची नावे मात्र एकच.

गोपाळराव मागाहून अमेरिकेत आले आणि व्याख्यानांतून अमेरिकन समाजावर, मिशनऱ्यांवर तोंडसुख घेत फिरले. ज्यांच्या आधाराने बायको शिकत होती त्यांनाच ते बोल लागत. आनंदीबाईंना संकोच वाटे. याहून जास्त त्यावर लिहायला नको.

पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनी विषय घेतला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापिका ॲना ब्रूमॉल या त्या काळच्या नावाजलेल्या तज्ज्ञ होत्या. प्रबंधात जुन्या संस्कृत ग्रंथांतले गर्भिणीचे आहार-विहार, सूतिकागृह, प्रसूतीच्या अडचणी हे सारे नव्या वैद्यकाच्या शेजारी मांडले आहे. म्हणजे एकाच गोष्टीचे दोन परंपरांतले नाव शोधून समोरासमोर ठेवणे. त्यांच्या तीन वर्षांतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे काम. परिभाषा पाठ करणारे पुष्कळ असतात. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द आणि पुस्तकातला शब्द जुळवून पाहणारे थोडे. आजही एम. वाय. च्या बाह्यरुग्ण विभागात कोणी अंगावरून जाते म्हणते, कोणी पोट उतरले म्हणते, आणि आत कागदावर लॅटिन उमटते. मधला पूल कोणीतरी बांधावाच लागतो.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. पंडिता रमाबाई इंग्लंडहून समारंभाला आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांना वैद्यकीचा परवाना मिळाला, त्यामुळे पहिली कोण हा वाद अधूनमधून रंगतो. दोघींनी तो घातला नसता.

कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सी. पी. आर. मध्ये, स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. कोल्हापूरचे हे पाऊल मोठेच. आपल्या होळकरशाहीच्या इंदुरात तेव्हा काय होते, असे कोणी विचारेल. छावणीच्या बाजूला रेसिडेन्सीत १८७८ पासून वैद्यकीय शाळा चालत होती, पण मुलांची. आणि १८८४ च्या अखेरीस कॅनडाच्या मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी इंदुरात येऊन बायकांना तपासू लागल्या होत्या; दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर त्यांना येऊन मिळाल्या. म्हणजे आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत होत्या त्याच काळात आपल्या पणज्या-खापरपणज्यांची नाडी इथे एक परदेशी बाई पाहत होती आणि त्यांचे म्हणणे कोणीतरी तिला इंग्रजीत करून सांगत होते. आपली भाषा बोलणारी डॉक्टर म्हणजे काय असते, ते कोल्हापूरच्या बायकांना त्या वर्षी कळायचे होते.

ऑक्टोबर १८८६ मध्ये आनंदीबाई निघाल्या. क्षयाने तोवर शरीर पोखरले होते. १६ नोव्हेंबरला बोट मुंबईला लागली. लोकांनी कौतुकाने स्वागत केले, पण कोल्हापूरला रुजू होण्याची ताकद उरली नव्हती. पुण्यात वैद्य झाले, डॉक्टर झाले. समुद्र ओलांडून आलेल्या बाईला औषध द्यावे की नाही यावर काहींनी खल केला असे सांगतात. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना उरला होता. एकही रोगी त्यांनी इथे डॉक्टर म्हणून तपासला नाही.

पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांनी अमेरिकेत त्यांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले, आणि मग काशीबाई कानिटकरांनी मराठीत. एका स्त्रीने लिहिलेले स्त्रीचे मराठी चरित्र म्हणून काशीबाईंचे पुस्तक अजूनही वाचण्यासारखे आहे. ज्यांनी फक्त कादंबरी वाचली आहे त्यांनी ते जरूर मिळवावे.

गोपाळरावांनी अस्थी मावशींकडे अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या पुरल्या आहेत. वर एक दगड आहे आणि त्यावर इंग्रजीत त्यांचे नाव आहे.